सिग्नलला बंद पडणाऱ्या पेट्रोल गाडीचे निदान कसे करावे

गाडी रस्त्यावर बरी धावते, पण सिग्नलपाशी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन थरथरू लागते, आरपीएमचा काटा खाली झुकतो आणि एखादे वेळी इंजिन बंदच पडते. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुधा आधी प्लग, मग प्लगला वीज पुरवणारी कॉइल, मग इंजेक्टरची सफाई आणि शेवटी टाकीतला पेट्रोल पंप अशी चढत्या रकमेची बिले भरावी लागतात. त्यांतल्या एखाद्या बिलानंतर दोष जातोही, परंतु तो नेमका कशाने गेला हे बदलणाऱ्यालाही सांगता येत नाही. या लेखात उलट क्रम धरला आहे: दोष केव्हा दिसतो याची नोंद आधी, फुकटात होणाऱ्या तपासण्या त्यानंतर, आणि नवा सुटा भाग विकत घेण्याचा विचार सर्वांत शेवटी. विवेचन आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या चार सिलिंडरच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल इंजिनाचे आहे, मग त्याला सीएनजी किट असो वा नसो.

दोष आयडलिंगलाच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असतानाच, का उघडा पडतो, हे एकदा समजले की पुढची निम्मी वाट सोपी होते. त्या वेळी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची, झडप जवळजवळ बंद असते, इंजिन अत्यंत थोडी हवा घेत असते आणि स्वतःचे घर्षण, आल्टरनेटर व एसीचा कॉम्प्रेसर ओढण्यापुरतीच ताकद निर्माण करत असते. बोटाएवढ्या रबरी नळीला पडलेल्या चिरेतून शिरणारी हवा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला इंजिनाच्या लक्षातही येत नाही. आयडलिंगला मात्र तीच हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. एका सिलिंडरची ठिणगी अशक्त असेल, तर धावत्या गाडीत फिरत्या वजनाचा जोर ती उणीव झाकून टाकतो, पण आठशे आरपीएमला झाकायला काही उरत नाही.

केव्हा आणि कसे बंद पडते

वही घ्यावी आणि दोन-तीन दिवस नुसती नोंद करावी. सकाळी थंड इंजिनावर बंद पडते की अर्धा तास चालल्यावर? एसी लावल्यावर की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? पेट्रोल भरून पंपावरून निघताना? पावसात, किंवा वॉशिंग सेंटरमध्ये इंजिनावर पाण्याचा फवारा मारून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी? सीएनजीवर की दोन्ही इंधनांवर? यांतल्या प्रत्येक उत्तराबरोबर संशयितांची यादी आखूड होत जाते.

त्याहून मोलाचे निरीक्षण म्हणजे इंजिन बंद पडते कसे. दिव्याचे बटण बंद करावे तसे ते तडकाफडकी बंद होत असेल आणि गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असतानाही आरपीएमचा काटा एकदम शून्यावर येत असेल, तर दोष बहुतेक विजेच्या बाजूचा असतो: क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा), इग्निशन स्विच, मुख्य रिले किंवा सैल अर्थिंग. याउलट ते उचक्या देत, घुसमटत, काटा हळूहळू उतरत बंद पडत असेल, तर हवा आणि इंधन यांच्यातले प्रमाण बिघडले आहे असे धरून चालावे. गरम इंजिनावर अचानक बंद पडणे, वीस-तीस मिनिटे थांबल्यावर काहीच न झाल्यासारखे सुरू होणे आणि पुन्हा तापल्यावर तेच, ही क्रँक सेन्सरची जुनी खोड आहे. अशा वेळी सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल, तर संशय पक्का होतो.

आणखी एक फरक आधीच करून टाकावा. काटा साडेसातशे-आठशेवर स्थिर आहे, एक्झॉस्टचा आवाज एकसारखा आहे, तरीही केबिन थरथरते आहे, अशा वेळी इंजिनापेक्षा इंजिन माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेले असते त्या रबरी आधारांकडे, पाहावे. रबर बसले असेल तर थरथर केबिनपर्यंत पोहोचते. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाहिल्यास मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) असलेल्या इंजिनाचा झोत मध्येच अडखळतो, निरोगी इंजिनाचा सलग येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाची आयडलिंगची थरथर मुळातच चारपेक्षा जास्त असते, हे विसरून काही मालक वर्षभर नसलेला दोष शोधत बसतात.

झाकण उघडल्यावर

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढून आणि न्यूट्रलमध्ये उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी यांना चालत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावे. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिली नजर बॅटरीवर. टर्मिनल हाताने हलवून पाहावे आणि पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती साफ करावी. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट आणि एसी लावल्यावर व्होल्टेज कोसळत असेल व त्याच क्षणी इंजिन बंद पडत असेल, तर इंधनाच्या शोधात जाण्याचे कारण नाही.

मग एअर फिल्टर काढून पाहावा आणि फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या पाइपवरून हात फिरवावा. तेल भरायचे झाकण आणि डिपस्टिक नीट बसले आहेत ना, हेही पाहावे. पुष्कळ इंजिनांत क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतली, हवा व्हॅक्यूमने ओढली जात असल्याने सैल झाकणदेखील हवा घेण्याचे कारण ठरते. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बस्तान मांडतात आणि वायरचे आवरण व रबरी नळ्या कुरतडतात. बारीक लेंड्या, कापसाचे तुकडे किंवा अर्धवट खाल्लेले पाव दिसले, तर पुढचा अर्धा तास केवळ नळ्या आणि वायरी पाहण्यात घालवावा.

हे मी अनुभवावरून सांगतो. माझ्या जुन्या गाडीची अशीच थरथर होती. एका गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टर धुऊन घेतले आणि तिसऱ्याने नवी थ्रॉटल बॉडी घालण्याचा सल्ला दिला. शेवटी ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीला, क्लिपच्या अगदी खाली, दातांच्या खुणा सापडल्या. ब्रेक दाबल्यावर आरपीएम बदलतो, ही खूण माझ्या डोळ्यांसमोर दोन महिने होती आणि मी ती सिग्नलला ब्रेक दाबावाच लागतो म्हणून सोडून दिली होती.

स्कॅनरला काय विचारावे

साधारणपणे २०१३ नंतरच्या गाड्यांत चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीतले दोष वाचण्याची जोडणी, असते. ईएलएम ३२७ जातीचे छोटे ब्लूटूथ उपकरण तेथे लावले की मोबाइलवर माहिती दिसते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरीही हे करावे, कारण दिवा लागण्यापूर्वीच्या तात्पुरत्या नोंदी इसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, असू शकतात. कोड पुसण्याआधी तो आणि त्याबरोबरची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचे तापमान, आरपीएम व भार, लिहून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी आधी कोड पुसतात आणि मग विचार करतात, तिथे पुरावाच नाहीसा होतो.

पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसफायर सांगतात आणि पी ०३०० अनेक सिलिंडरांतले. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी), पी ०१७२ म्हणजे घट्ट (इंधन जास्त), पी ०५०५ आयडलिंगच्या नियंत्रणाचा आणि पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. मात्र कोड कोणता भाग बदलायचा हे सांगत नाही, इसीयूला काय खटकले एवढेच सांगतो. पातळ मिश्रणाचा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणे होय.

कोडपेक्षाही फ्युएल ट्रिमचे आकडे बोलके असतात. पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून इसीयू इंधन किती टक्के वाढवते किंवा घटवते तो आकडा म्हणजे ट्रिम. गरम इंजिनावर तात्कालिक आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे-अधिक पाच टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, दहाच्या पुढे शोध घ्यावा. आयडलिंगला अधिक पंधरा-वीस आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य, असे दिसल्यास कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे. याउलट रेस दिल्यावर, विशेषतः चढावर, ट्रिम वाढत असेल तर इंधन अपुरे पडते आहे.

येथे एक अडचण आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. वरचा नियम हवेचे वजन मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांना नेमका लागू पडतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, दाब मोजतो. चोरून शिरलेल्या हवेनेही हा दाब वाढतो, इसीयू त्या हिशोबाने इंधनही वाढवते आणि ट्रिम फारसा हलत नाही. परिणामी आयडलिंगचा वेग वाढतो किंवा काटा ६०० ते १,५०० च्या दरम्यान झोके घेऊ लागतो: थ्रॉटल बंद असून वेग जास्त दिसला की इसीयू इंधन तोडते, वेग कोसळतो, इंधन पुन्हा सुरू होते आणि चक्र चालू राहते. म्हणून अशा गाडीत ट्रिम ठीक आहे एवढ्यावरून गळती नाही असे समजू नये.

शीतकाचे (कूलंटचे) तापमानही याच वेळी पाहावे. पंधरा मिनिटे चालल्यावर ते ८० ते ९५ अंशांच्या आसपास पोहोचायला हवे. आपल्या गॅरेजांत गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत शीतकाला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची एक वाईट सवय आहे. त्यामुळे इंजिन पुरते गरमच होत नाही, इसीयू थंड इंजिनासारखे जास्त इंधन देत राहते, प्लग काळे पडतात आणि मग थरथरीचा दोष प्लगवर ढकलला जातो. तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देत असला तरी हेच घडते.

हवेचा मार्ग

इंजिन चालू ठेवून कान द्यावा, सूंऽऽ असा बारीक आवाज आल्यास नळीचे एक टोक कानाशी धरून व दुसरे फिरवून तो शोधता येतो. त्यानंतर मॅनिफोल्डला जोडलेल्या नळ्या एकेक करून मऊ जबड्याच्या चिमट्याने दाबाव्यात आणि ज्या नळीला दाबताच इंजिन शांत होते ती व तिच्या पलीकडचा भाग संशयित मानावा. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची हवा ओढून घेणारा), पर्ज व्हॉल्व्ह अशा क्रमाने जावे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर व इंजेक्टरच्या रबरी रिंगांवर थोडे साबणपाणी टाकल्यास आवाजात क्षणभर बदल होतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत सर्वत्र दिसते, परंतु तो पदार्थ गरम एक्झॉस्टवर पेट घेऊ शकतो, म्हणून घरी ती वापरू नये. ज्यांच्याकडे धूर सोडणारे यंत्र आहे अशा गॅरेजमध्ये हीच तपासणी दहा मिनिटांत आणि निःसंशय होते.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच अडखळणाऱ्या गाडीत पर्ज व्हॉल्व्ह पहिला पाहावा. टाकीतील वाफ कॅनिस्टरमधून इंजिनात सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडा अडकला, की टाकी भरताना जमलेली सगळी वाफ आयडलिंगला आत येते. इंजिन आयडलिंगला असताना कॅनिस्टरकडून येणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. गाडी नुकतीच सुरू केलेली, थंड असताना तेथे ओढ जाणवू नये.

थ्रॉटलच्या झडपेभोवती साचलेला कार्बन हे कारण इतके नेहमीचे आहे, की साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या व कधी साफ न झालेल्या गाडीत ते आधीच करून टाकायला हरकत नाही. इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन झडपेची कड पुसावी. केबल असलेल्या जुन्या गाडीत झडप हाताने उघडता येते आणि तेथे आयएसी व्हॉल्व्हचा (आयडलिंगची हवा नियंत्रित करणारा) मार्गही साफ करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप मात्र बोटाने जोरात ढकलू नये, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. सफाईनंतर आयडलिंग काही काळ चढेच राहते, कारण इसीयूने घाणीचा हिशोब धरून झडप अधिक उघडी ठेवायला शिकलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते थोडे चालवल्यावर आपोआप जुळते, काहींत स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते.

व्हॅक्यूम गेज मिळाले तर जरूर लावावे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होते. त्यामुळे मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवत असेल, तर ती बिघडलेली नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा चुकलेले टायमिंग, ठरावीक तालात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि अडीच हजारावर धरल्यावर हळूहळू उतरत असेल तर एक्झॉस्ट तुंबला आहे.

ठिणगी

मिसफायरचा कोड एकाच, समजा तिसऱ्या, सिलिंडरचा असेल तर अदलाबदलीसारखी स्वस्त आणि खात्रीची युक्ती नाही. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा, गाडी चालवावी. कोड पहिल्यावर गेला तर कॉइल दोषी, जागेवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करावी, आणि तरीही हलला नाही तर इंजेक्टर व कॉम्प्रेशनकडे वळावे. कोड नसेल तर आयडलिंगला एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा: ज्याचा काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. कॉइल काढून ही परीक्षा करू नये, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला नासवते. चालू इंजिनावर प्लगची वायर हाताने ओढणे तर सर्वथा टाळावे, तेथे हजारो व्होल्ट असतात.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडी काजळी म्हणजे घट्ट मिश्रण, पांढरट चुन्यासारखे म्हणजे पातळ मिश्रण किंवा अति उष्णता, ओलसर तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चारही सारखे काळे असतील तर कारण सामाईक आहे, एकटाच वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरमध्ये शोधावे. प्लगच्या खोबणीत पाणी वा टॅपेट कव्हरमधून झिरपलेले तेल असेल तर तेथेच ठिणगी भरकटते. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा, बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

इंधन, आणि सीएनजीचा मोठा फायदा

चावी ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंदांचा घूंऽऽ आवाज ऐकू यायला हवा. पण आवाज येतो म्हणजे दाब पुरेसा आहे असे नव्हे. तो गेजनेच मोजावा लागतो, आणि गाडीनुसार साधारण अडीच ते चार बारच्या दरम्यान स्थिर राहायला हवा. हे काम घरी करू नये, दाबाखालचे पेट्रोल उडते. कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय पंपाचे आयुष्य कमी करते, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. इथेनॉलला स्वतःच्या वजनाच्या केवळ नऊ पट हवा लागते, म्हणून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) भरल्यावर ट्रिम काही टक्क्यांनी वर सरकणे स्वाभाविक आहे, आणि आधीच काठावर असलेली गळती त्यामुळे कोडपर्यंत पोहोचू शकते. शिवाय ते पाणी शोषून घेते आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पंपाचे तोंडही तळाशीच असते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ही शंका घेऊन थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून पाहावे.

सीएनजी किट असलेल्या गाडीत मालकाच्या हाती एक अप्रतिम चाचणी आहे: इंधन बदलण्याचे बटण. थरथर फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप पाहावेत. फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टर. मात्र त्याआधी प्लग तपासावेत. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून थकलेली कॉइल किंवा रुंदावलेला गॅप पेट्रोलवर निभावून जातो आणि सीएनजीवर उघडा पडतो. दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल तर इंधनाची बाजू जवळजवळ सुटली, शोध हवा, ठिणगी आणि कॉम्प्रेशन यांतच घ्यावा.

कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब. वरचे सगळे ठीक निघाले तरच इथे यावे. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, इंजेक्टर व कॉइलचे कनेक्टर सोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सारखेच सेल्फ मारावेत. १० ते १४ बार दिसावेत, पण आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे आपसांतला फरक, जो १०-१५ टक्क्यांहून अधिक नसावा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट. बरीच वर्षे सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. थंडपणी गुळगुळीत, गरम झाल्यावर थरथरणारे इंजिन असेल आणि टॅपेट हाताने सेट करण्याच्या जातीचे असेल, तर ही फट आधी मोजून घ्यावी, हेड उघडण्याची वेळ कदाचित येणार नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून, ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती नेमकी तीच पुन्हा निर्माण करावी: तेच तापमान, तोच एसी, तोच सिग्नल. गरम इंजिनाचा आयडलिंग बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर राहायला हवा आणि एसी लावताच क्षणभर दबून पुन्हा सावरायला हवा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ट्रिमचे आकडे पुन्हा पाहावेत आणि पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या आकड्यांशेजारी ते लिहून ठेवावेत.